बिटकीच्या घराला भोक

खाडीच्या तोंडाशी एक काळा दगड. दगडावर एक गोगलगाय. समुद्रातली. मोहरीएवढी. नाव तिचं बिटकी. पाठीवर शंखाचं घर.

एक दिवस बिटकी उठली. पाहते तर काय, घराला भोक! पाणी आत, डुबुक. पाणी बाहेर, डुबुक.

"अगं आई गं! मोठा मासा आला तर मी लपू कुठे?"

बिटकी निघाली. सुळूक सुळूक, सुळूक सुळूक.

"समुद्रआजोबा, समुद्रआजोबा, चुना द्या ना! घराचं भोक बुजेना!"

"चुना कुठला, बाळे? वारा माझ्यात धूर ओततो. मी झालोय आंबट. आंबटात चुना विरतो. वाऱ्याला सांग."

सुळूक सुळूक, सुळूक सुळूक.

"वारेदादा, वारेदादा, धूर अडवा ना! समुद्र चुना देईना, घराचं भोक बुजेना!"

"सूं सूं! धुरांडं सोडतं, मी नेतो. त्याला सांग जा!"

सुळूक सुळूक, सुळूक सुळूक.

"धुरांडेमामा, धुरांडेमामा, गप्प बसा ना! वारा धूर अडवेना, समुद्र चुना देईना, घराचं भोक बुजेना!"

"भस्स! भस्स! बटण कारखान्याच्या साहेबांच्या हातात. त्यांना विचार!"

सुळूक सुळूक, सुळूक सुळूक.

साहेब गार गार खोलीत बसले होते.

"साहेब, साहेब, ऐका ना! धुरांडं गप्प बसेना, वारा धूर अडवेना, समुद्र चुना देईना, घराचं भोक बुजेना!"

"पुरावा काय?"

"हे बघा ना भोक!"

"दिसतं की! दिसून काय होतं? पाणी किती आंबट, मोजून आण. मग बघू."

मग बघू म्हणे! बिटकी फुगली. रागानं लाल झाली. पण निघाली. सुळूक सुळूक, सुळूक सुळूक.

खाडीत एक होडी. होडीत नंदिताबाई. समुद्राचं पाणी तपासणं हे त्यांचं काम.

"बाई, बाई, पाणी मोजा ना! साहेब ऐकेनात, धुरांडं गप्प बसेना, वारा धूर अडवेना, समुद्र चुना देईना, घराचं भोक बुजेना!"

"मोजते गं! पण होडी डुलते. बाटलीत बुडबुडा येतो. टुप! बुडबुडा आला की माप चुकलं. ओता परत! भिवाकाकांना सांग, होडी धरा."

भिवाकाका नावाडी. होडीतच झोपले होते. घुर्रर्र... फूऽऽ! सुळूक सुळूक, सुळूक सुळूक.

"काका, काका, होडी धरा ना! बाईंची बाटली भरेना, साहेब ऐकेनात, धुरांडं गप्प बसेना, वारा धूर अडवेना, समुद्र चुना देईना, घराचं भोक बुजेना!"

"आत्ताच भाकरी खाल्ली, बाळा. सुकट खाल्लं. आता डुलकी. मला कोण उठवतं तेच बघतो!" घुर्रर्र... फूऽऽ!

फळीखाली एक कुर्ली होती. इवलीशी खेकडी. तिरपी तिरपी चालणारी.

"कुर्लीताई, कुर्लीताई, चाव ना गं! भिवाकाका उठेनात, बाईंची बाटली भरेना, साहेब ऐकेनात, धुरांडं गप्प बसेना, वारा धूर अडवेना, समुद्र चुना देईना, घराचं भोक बुजेना!"

कुर्ली म्हणाली, "माझंही कवच पापडासारखं झालंय. मी नाही कुणाला सांगत. मी चावतेच!"

तुरुतुरु गेली. अंगठा धरला. कच्च!

"आयाया!" भिवाकाका उठले. होडी धरली. होडी डुलेना. बाईंनी बाटली भरली. काठोकाठ. बुडबुडा? एकही नाही! बाईंनी पाणी मोजलं. आंबट! पुन्हा मोजलं. आंबटच!

बाई गेल्या साहेबांकडे. बिटकी बाईंच्या खांद्यावर. कुर्ली बाईंच्या पिशवीत.

"हा घ्या पुरावा!"

साहेबांनी वाचलं. डोकं खाजवलं. "हं... मग बघू..."

पिशवी हलली. खुडबुड खुडबुड. कुर्लीची नांगी बाहेर आली.

"आत्ता बघतो! आत्ता!"

साहेबांनी बटण दाबलं. टक्! धुरांडं गप्प बसलं. वाऱ्याकडे धूर उरला नाही. समुद्राचा आंबटपणा ओसरू लागला. हळूहळू. एक भरती, एक ओहोटी. पुन्हा भरती, पुन्हा ओहोटी.

"घे गं बाळे, चुना घे!"

बिटकीनं भोक लिंपलं. थोडं आज, थोडं उद्या. मोठा मासा आला. बिटकी आत! टुप!

आणि कुर्ली? ती आता साहेबांच्या टेबलाखाली बसते. साहेब "मग बघू" म्हणाले की...

कच्च!