सोन्याचा पार

एका राज्यात म्हणावे, तर ही गोष्ट तीन राज्यांची. तिन्हींच्या सीमा मिळत तिथे वडाखाली तीन शिळांचा पार होता. कुठे कुरबुर झाली की तिन्ही राजे त्यावर बसत. दोघांचा तंटा असला तर तिसरा निवाडा देई, आणि भांडण तिथेच मिटे.

धूम्रकेश मांत्रिकाला हे बघवेना. त्याने मंत्र टाकला, शिळा सोन्याच्या झाल्या. झालं! एकेका राजाने एकेक शिळा उचलून घरी नेली, आणि वर ऐट काय, तर "सभा आम्ही सांभाळून ठेवली!" ज्याच्या खजिन्यात शिळा, त्याचा राग उतरणार नाही, असा तो शाप होता.

पुढे राजा वीरबाहूने ओढ्यावर बंधारा घातला. खालच्या राज्यात सोमकीर्ती राजाची गुरे तहानेने तडफडू लागली. बोलायला पार उरला नव्हता, तेव्हा सैन्येच निघाली. वीरबाहूची राणी इंदुलेखा सोमकीर्तीची लेक.

तिच्या खिडकीत साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "राणी, शिळा चोरून हलत नाहीत. ज्याची त्याने आपण होऊन द्यावी. पार पुन्हा मांड. हरणाऱ्याने निवाडा मानला, की शाप सुटेल."

राणी आधी नवऱ्याकडे गेली. "महाराज, खजिन्यात सभा बसत नाही. बाबा पडले तर माझे माहेर जाईल, तुम्ही पडलात तर कुंकू. काय जाऊ देऊ, तुम्हीच सांगा."

वीरबाहू रागाने लाल झाला, पण शिळा त्याने दिली.

मग ती माहेरी गेली. सोमकीर्ती गरजला, "शत्रूची बायको म्हणून आलीस?"

"लेक म्हणून आले. ओटी न भरता लेकीला पाठवणार का?"

ओटीत तिने शिळा मागितली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. नाही म्हणायची सोय नव्हती!

तिसरा राजा अरिंजय मोठा धूर्त. राणीने शिळा मागताच तो म्हणाला, "ते दोघे लढोत. माझे काय जाते?"

"जिंकणारा उद्या तुमच्या वेशीवर येईल. तेव्हा दाद कुठे मागाल?"

अरिंजय म्हणाला, "आणि निवाडा तुझ्या नवऱ्याविरुद्ध गेला तर?"

"तर तो मानावा म्हणून सर्वांआधी मी उभी राहीन."

अरिंजयानेही शिळा दिली आणि पार मांडला गेला. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी. अरिंजयाने दोघांचे ऐकले आणि सांगितले, "वीरबाहूने बंधारा फोडावा."

वीरबाहूचा हात तलवारीवर गेला. इंदुलेखा पुढे झाली. मान ताठ ठेवून म्हणाली, "महाराज, आज हा निवाडा मोडलात, तर उद्या तुमच्यावर अन्याय झाला तरी इथे ऐकायला कोणी बसणार नाही."

मग वीरबाहूने तलवार सोडून पारावर ठेवली, आणि कुदळ मागवून स्वतः बंधाऱ्यावर पहिला घाव घातला. त्याच क्षणी सोन्याच्या शिळा काळ्या दगडाच्या झाल्या. धूम्रकेशाचा धूर झाला तो झालाच.

तेव्हापासून राजे तंट्याची वाट पाहत नाहीत, दर पौर्णिमेला पारावर जमतात. सीमेवर तिन्ही राज्यांचे शिपाई एकत्र गस्त घालतात. आणि परक्या देशाचा पाहुणा आला, की वीरबाहू त्याला वडाखाली नेतो आणि छाती फुगवून सांगतो, "पार पुन्हा मांडला, तेव्हाचा पहिला निवाडा माझ्याविरुद्ध गेला, बरं का!"