उपाशे आडनावाची माणसं

"बाबा, 'उपाशे' हे आडनाव आलं कुठून?"

टेकडीवरच्या दर्ग्यात म्हातारे फकीर मस्तानशहा वर्तमानपत्र वाचत बसले होते. विचारणारे होते प्राध्यापक हेमंत. आडनावांवर त्यांचा मोठा ग्रंथ तयार होत होता. शेकडो आडनावांचा छडा लागला. हे एकच अडलं होतं.

"मी रखमाजी गुरुजींचा मुलगा. ते दर गुरुवारी तुमच्याकडे यायचे ना? तुम्हाला ठाऊक असेल म्हणून आलो."

फकिरांचा चेहरा उजळला.

"उपाशे गुरुजींचा तू? बस, बस."

मग त्यांनी सांगितलं. फार पूर्वी दुष्काळ पडला. रखमाजींच्या खापरपणजोबांनी आपलं धान्याचं पेव गावाला उघडून दिलं. शेवटची पायलीही वाटून टाकली... त्या दिवशी त्यांच्याच घरी चूल पेटली नाही. गाव त्यांना उपाशे म्हणू लागलं.

प्राध्यापक भराभर लिहीत होते.

"त्यांच्यात पुढं नावाजलेले कोण झाले?"

"एक भागा सुईण. तीन गावांची पोरं तिच्या हातावर जन्मली. आणि दुसरा रखमाजी."

"वडील? ते तर साधे शाळामास्तर होते."

"गुराख्यांच्या पोरांना या ओट्यावर शिकवायचा. पन्नाशीत मलाही वाचायला शिकवलं त्यानं... पण हे तू बापालाच विचारायचंस की!"

"लहानपणी ते सांगायला बसले होते एकदा. शाळेत मुलं मला 'उपाशी, उपाशी' म्हणून चिडवायची. मी उठून गेलो. पुढं आडनावच बदललं. लोणारकर केलं."

"रखमाजी काय म्हणाला?"

"काहीच नाही."

फकिरांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"गुडघे कसे आहेत त्याचे? आठ महिने झाले, वर आला नाही."

लेखणी थांबली.

"बाबा... ते गेले. आठ महिन्यांपूर्वीच."

"मला कुणी कळवलं नाही!"

"पेपरात दिलं होतं मी. तरी तेराव्याला अकराच माणसं आली. चाळीस वर्षं शिकवलं त्यांनी, आणि एक विद्यार्थी फिरकला नाही..."

त्यांनी पाकिटातून कात्रण काढून पुढं केलं. फकिरांनी अक्षरांखाली बोट फिरवत वाचलं.

'निवृत्त शिक्षक आर. एस. लोणारकर यांचे निधन.'

बोट मागं येऊन 'लोणारकर' या शब्दावर थांबलं. प्राध्यापकांनी मान खाली घातली.

...

"वाचलं होतं मी हे," फकीर म्हणाले. "कुणी परका गेला म्हणून पान उलटलं."