मामलेदाराचं पाय

कुंभारवाड्याच्या तोंडाशी, डांबरी सडकंच्या कडंला, भाजलेल्या मातीत दोन खळगं दिसत्यात न्हवं? ते मामलेदाराचं पाय. वाकून बघा की, भ्या कशाला! फक्त चपला सांभाळा.

बैलगाडीच्या काळात कवठाळीत पहिली सडक आली, असं सांगत्यात. मुरमावर मुरूम पडत गेला आन् सडक कुंभारांच्या उंबऱ्याहून हातभर वर चढली. वरच्या आळीचं पाणी आधी वढ्याला जायचं; आता ते सडकंवरनं घसरून थेट इथं, राणू कुंभाराच्या अंगणात. दोन पावसाळं कच्ची मडकी विरघळली. तिसऱ्याला मागची भिंत बसली, ती राणूच्या पायावर. पाय कामातनं गेला. उकिडवं बसता येईना, चाक थांबलं.

राणूची बायको ठकू. तिनं मामलेदाराकडं अर्ज केला. म्हणे, बघू. दुसरा केला. म्हणे, वर अपील करा. तेबी केलं, तर कागद फिरून त्याच मामलेदाराकडं आला: जागा बघून कळवा. तवा ठकूनं थांबलेल्या चाकावर हात ठेवला. "माझ्या धन्याचा एक पाय गेला. मामलेदाराचं दोन्ही घेईन."

मामलेदार जागा बघायला आला तो चैत्रात! नवा जोडा, डोईवर छत्री. ठकूनं त्याला अंगणात मधोमध उभं केलं. खाली माती भिजवायचा खड्डा, सुक्या मातीनं काठोकाठ भरलेला, वर कोरडी राख पसरलेली.

"पाणी कुठंय गं? मला तर फुफाटाच दिसतोय," तो हसला.

"येतंय, सायेब. वाईच थांबा."

तिनं पदर हलवला. वरच्या आळीत घरटी एक बाई घागर घेऊन उभी होती. उन्हाळ्याचं पाणी, तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं, पर समद्यांनी एकदम सडकंवर वतलं. लोंढा घसरत आला, खड्ड्यात शिरला, आन् साहेब गुडघ्यापतुर खाली. शिपाई धावला, तर बायकांनी रिकाम्या घागरी उगारल्या.

"काढ मला बाहेर!"

"अर्ज करा," ठकू म्हणाली.

केला बिचाऱ्यानं. ठकूनं कागद उलटा धरला, सुलटा धरला. "बघू."

"अगं, पाय आखडलं माझं!"

"मग वर अपील करा. वर माझा धनी बसलाय."

राणू ओट्यावर बाजेला टेकून होता. त्यानं कागद मांडीवर ठेवला, चिलीम भरली, वढली, झाडली. मग म्हणाला, "जागा बघून कळवतो. पर मला चालता येत न्हाई, सायेब. जागंलाच हिकडं यायला सांगा."

दिवस कलला तवा मामलेदारानं चिखलात उभ्याउभ्या हुकूम लिहिला, सडक पहिल्यासारखी खाली घ्या. ठकूनं तरी हात दिला न्हाई. मुरमाची पहिली पाटी सडकंवरनं वढ्याकडं गेली, मगच तिनं त्याला वढलं. पाय आलं, जोडा आतच राहिला.

त्या खुणा तिनं कुणाला बुजवू दिल्या न्हाईत. माती वाळल्यावर वर गवऱ्या रचल्या आन् तीन दिवस भाजल्या. राणूचा पाय काय परत आला न्हाई. पर त्या जाळावर त्यानं हात शेकलं, म्हणे, आन् लई दिसांनी पोटभर जेवला.

आजही सडकंचं काम निघालं आन् कुणाची हरकत आली, की ऐकायला आलेल्या साहेबाला ह्याच खळग्यांत अनवाणी उभं करत्यात. वरनं घरटी एक घागर सुटते. पाणी ज्याच्या दारात शिरंल, त्याचं अपील मंजूर. गेल्या सालचा साहेब शहाणा, घोटा भिजायच्या आत सही करून मोकळा झाला. त्याच्या आधीचा कायद्याचं पुस्तक घिऊन आला हुता. ते पुस्तक कुंभारांच्या घरी हाय. चूल पेटवायला अजून चार पावसाळं पुरंल.