गटारासाठी झोळी

“…मग चूक माणसांत आहे की योजनेत? एवढं एकच सांगा, बाबा. उद्या सकाळी ग्रामसभा आहे, माझ्याकडे वेळ नाही.”

भिकनशाबाबा तांदळातले खडे निवडत होते. त्यांच्याकडे वेळच वेळ होता.

विचारणारा होता चांदगव्हाणचा सरपंच, विश्वंभर घोणसे. अर्थशास्त्रात एम.ए. झालेला, आणि ते समोरच्याला बसल्या बसल्याच कळेल याची काळजी घेणारा. गावाबाहेर या फकिराचा तकिया होता, म्हणजे राहायची मठी, पण विश्वंभर तिकडे कधी फिरकला नव्हता. फकिराला काय विचारायचं, असं त्याचं मत. पण खुर्ची हलायला लागली की माणसाला कुणाकुणाची आठवण येते!

योजना त्याचीच होती. राजीखुशीची पट्टी. घरपट्टी बंद, पाणीपट्टी बंद, नोटिसा बंद. ज्याला जेवढं वाटेल तेवढं त्यानं चौकातल्या पेटीत टाकावं, आणि ते कशावर खर्च करायचं तेही त्यानंच सांगावं. सक्ती नाही म्हणजे नाही. वरच्या साहेबांनी प्रयोग म्हणून वर्षभर डोळेझाक केली होती.

“लोकांनी दिलं नाही का?” बाबांनी विचारलं.

“दिलं की! भरभरून दिलं. तेच तर दुखणं आहे.”

“मग झालं काय त्याचं?”

“कमानी.”

“कमानी?”

“गावात शिरायचा रस्ता एक आणि त्यावर स्वागताच्या कमानी पाच! एकीतून बाहेर पडेस्तोवर दुसरी स्वागत करते. प्रत्येकीवर कुणाच्या तरी वडिलांचं नाव.”

बाबा दाढीतल्या दाढीत हसले.

“समाजमंदिरात पंखे आले. पात्यांवर देणाऱ्यांची नावं रंगवलेली. आता जो तो येऊन सांगतो, पंखा एक नंबरवरच ठेवा, जोरात फिरला तर नाव वाचता येत नाही. भर उन्हाळ्यात लोक घामाघूम होऊन एकमेकांच्या घराण्याची नावं वाचत बसतात.”

“आणि गटार?”

…

विश्वंभरचं नेमकं तिथंच दुखत होतं. गावचं मोठं गटार वर्षभर तुंबलं होतं. पावसाळा तोंडावर आला होता, आणि पहिल्या सरीला खालच्या आळीत घराघरांत घाण पाणी शिरणार होतं. गटार कुणी सुचवलं नाही, गटाराला कुणी छदाम दिला नाही. त्याच मुद्द्यावर गयाबाई सुरडकरांनी अविश्वासाचा ठराव आणला होता. सरपंचाला काढा, सक्तीची पट्टी परत आणा. उद्या तो ठराव पास झाला की योजना गेली, खुर्ची गेली, आणि जन्मभर गावात हसं व्हायचं ते वेगळंच.

“गटाराला कोण देणार, बाबा? गटारावर नाव कुठं रंगवणार?”

“तू काय दिलंस?”

“मी? अहो, मी कल्पना दिली!”

“हां…” बाबांनी एक खडा उचलून बाहेर टाकला. “टाकून बघितलीस का ती गटारात? वाहतंय का मग?”

विश्वंभरला असा राग आला! पण काम घेऊन आलेल्या माणसाला राग गिळावाच लागतो.

“चेष्टा सोडा, बाबा. तुमचा हा तकिया इतकी वर्षं राजीखुशीवरच चालतोय. कुणावर सक्ती नाही, कुणाला नोटीस नाही. तरी रोज चूल पेटते, येणारा-जाणारा जेवून जातो. ते कसं, तेवढं सांगा.”

“लोक नवस फेडायला चादरी आणतात. मलिदा आणतात. उदबत्त्या तर इतक्या, की इथं डास फिरकत नाहीत.” बाबांनी मागच्या काळ्याकुट्ट पातेल्याकडे बोट दाखवलं. “पण भांडी घासायची पावडर आजवर कुणी नवसात बोललं नाही.”

“मग ती कुठून येते?”

“मागतो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

विश्वंभर हिरमुसला. काहीतरी गहन ऐकायला मिळेल म्हणून तो आला होता आणि हाती आली भांड्यांची पावडर.

बाबा उठले. खुंटीवरची झोळी काढून त्यांनी सरपंचाच्या कडक इस्त्रीच्या खांद्यावर अडकवली.

“चल. गटारासाठी माग.”

“मी? बाबा, मी सरपंच आहे!”

“म्हणूनच झोळी दिली. नाहीतर लोक घाबरून देतील.”

“आणि जाऊ कुणाकडे?”

“जिथं जायला पाय नको म्हणतात तिथं.”

असं घर गावात एकच होतं.

गयाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. झोळी अडकवलेला सरपंच दारात बघून त्यांचा हात थांबला.

“अगं बाई! सरपंच, आत्तापासूनच सवय करताय?”

विश्वंभरचे कान लाल झाले. त्यानं मागं पाहिलं. बाबा लांब लिंबाखाली जाऊन बसले होते, जसं काही त्यांचा याच्याशी संबंधच नाही. माईक हातात दिला तर तासभर न थांबता बोलणारा हा माणूस, पण आता त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

“काकू… ते… गटारासाठी… काही देता का?”

“हुकूम आहे की राजीखुशी?”

“राजीखुशी.”

“मग नाही.”

“नाही?”

“नाही. माझं घर उंचावर आहे.” आणि त्यांनी पुढची पाकळी सोलायला घेतली.

झालं! सरपंचाचा तोल गेला.

“नाही कसं? खालच्या आळीत लोकांच्या चुलीत पाणी जाणार आणि तुम्ही लसूण सोलणार? उद्याच नोटीस काढतो! नळ तोडतो तुमचा! द्यावंच लागेल, सांगून ठेवतो!”

आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला. दोन-चार दारं उघडली.

…

गयाबाई आधी बघतच राहिल्या. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या,

“सरपंच, मी उद्या सभेत अगदी हेच बोलणार होते हो! शब्दन् शब्द. आता माझं भाषण तुम्हीच करून टाका. माझा घसा तसाही बसलाय.”

विश्वंभरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालून तो लिंबाखाली आला.

“हसा तुम्हीही,” तो म्हणाला.

बाबा हसले नाहीत.

“ती नाही म्हणेस्तोवर तुझी योजना कागदावर होती, बेटा. तिनं नाही म्हटलं, तेव्हा सुरू झाली.”

“आणि मी?”

“तू लगेच बंद पाडलीस.”

…

वर्षभर विश्वंभर कुणाच्याही दारात गेला नव्हता. चौकात पेटी ठेवली, वर पाटी लावली आणि स्वतः पंख्याखाली जाऊन बसला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. मग तो वळला आणि पुन्हा ओट्यापाशी गेला.

“काकू, चुकलो. नळ कुणी तोडत नाही. नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.”

गयाबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

“आणि उद्याचा ठराव?”

“तो तुम्ही जरूर मांडा.”

गयाबाईंनी तरीही काही दिलं नाही. लसणाचं ताट उचलून सरळ आत निघून गेल्या.

विश्वंभरनं झोळी खांद्यावर नीट केली. शेजारचं दार मघाच्या तमाशाला उघडलं होतं. तो येतोय म्हटल्यावर ते लागलं, आतून कडीही वाजली.

“बाबा, इथंही नाही म्हणाले तर?” त्यानं लिंबाकडे वळून विचारलं.

“पुढचं घर.”

“आणि अख्ख्या गावानंच नाही म्हटलं तर?”

बाबा गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले. कपडे झटकले.

“मग पुन्हा गयामायच्या दारात. तोवर तिच्या भाकरी झालेल्या असतील.”