झाकलेलं नाव

“सोहोनीचं नाव पाहूनच लेख घेतलात ना, गुरुजी?”

नीळकंठ खरवंडीकर उभ्यानेच विचारत होता. शिलालेखांवरचा त्याचा लेख, सहा वर्षांची मेहनत, सकाळच्या टपालाने परत आला होता. नव्या अंकात पहिलाच लेख होता त्याच्या गुरुबंधूचा, सोहोनीचा.

हिर्लेकर गुरुजी ते संशोधन त्रैमासिक एकतीस वर्षं चालवत होते. या दोघांना ब्राह्मी लिपी त्यांनीच शिकवली होती.

“नाव पाहिलं होतं,” ते म्हणाले.

“म्हणजे कबूल आहे.”

“पाहिलेलं न पाहिल्यासारखं कसं करू...”

“माझाच लेख त्याच्या नावाने आला असता तर?”

“कदाचित छापला असता.”

हेच ऐकायला नीळकंठ आला होता. ऐकून मात्र बरं वाटलं नाही.

“चालायचंच. त्याला सभा, शाली, नारळ. आम्ही दगडांवरचं शेवाळ खरवडतो.”

“बस. चहा घे.”

“चहा नको. न्याय हवा.”

“मग न्याय करूनच जा.”

गुरुजींनी टेबलावरचा एक लेख पुढे केला. लेखकाच्या नावावर कोरी पट्टी डकवलेली होती.

“छापायचा की परत पाठवायचा, तू ठरव. तू लिहिशील तेच होईल. लेखकाला आजच कळवायचं आहे.”

नीळकंठ बसला. त्याने पहिलं पान खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिलं. पट्टी जाड होती.

मग त्याने गठ्ठा उलटा केला आणि शेवटची संदर्भसूची काढली. बोट एकेका ओळीवरून खाली सरकू लागलं.

“सोहोनी... पुन्हा सोहोनी... चार वेळा. त्याच्याच गोटातला दिसतोय कुणीतरी.”

गुरुजी चहा पीत राहिले.

बोट पुन्हा वर गेलं. ‘ख’पाशी थांबलं. तिथून हललं नाही.

“मी नाहीच यात,” तो हळूच म्हणाला.

...

त्याने खिशातलं पेन काढलं आणि लेखाला जोडलेल्या मताच्या कागदावर एका दमात लिहिलं : संदर्भ अपुरे. अभ्यास एकांगी. परत पाठवावा.

खाली झोकदार सही केली.

गुरुजींनी कागद वाचला. घडी घालून पाकिटात ठेवला. पाकिटाच्या कडेला डिंक लावता लावता त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं,

“लेख कशावर आहे रे?”