येसू परटीण आणि न दिसणारा राजा

एक होता राजा. आता होता म्हणजे, होता की नव्हता, तोच तर सगळा घोळ! ऐका तर.

या राजाचं राज्य अगदी इवलंसं. एक गढी, गढीखाली गाव, आणि गावाला वळसा घालून जाणारी नदी. नदीपल्याड दुसरं राज्य, ते मात्र मोठं. आपला राजा रोज सकाळी सज्जात यायचा, खाली गावाकडे बघून हात जोडायचा. राजा दिसला की बायका पाण्याला निघायच्या, गुराखी गुरं सोडायचे. राजा दिसला म्हणजे दिवस उजाडला, असं होतं तिथं.

मग एकदा काय झालं, वैशाखाचा महिना. नदीत पाणी घोट्याएवढं. आणि पल्याडच्या काठावर तंबू दिसायला लागले. आधी तीन, मग तीस, मग मोजता येईनात इतके. हत्ती आले, घोडे आले, नगारे आले. पल्याडच्या राजाला आपली काळीभोर जमीन हवी होती, बरं का. आणि घोट्याएवढं पाणी ओलांडायला काय लागतं? कोंबडी पण जाईल!

गावाला झोप कसली लागतेय! सकाळ झाली, सगळे गढीकडे धावले, आणि बघतात तर दोन नवलं. एक, नदी दुथडी भरून धो धो वाहतेय. आभाळात कापसाच्या बोंडाएवढा ढग नाही आणि नदीला पूर! आणि दुसरं, सज्जा रिकामा. राजा नाही.

मग सज्जात आले त्रिंबकपंत. हे राजाचे प्रधान. उंच, वाळके, कमी बोलणारे. म्हणाले, "महाराज अनुष्ठानाला बसलेत. दर्शन होणार नाही." एवढंच बोलले आणि आत गेले.

एक दिवस गेला, तीन गेले, सात गेले. पल्याड नगारे वाजतायत, शत्रू पाणी उतरायची वाट बघतोय, आणि आपला राजा कुठंय, कुणाला ठाऊक नाही. मग काय होणार? विहिरीवर कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, राजा आजारी आहे. कुणी म्हणालं, राजा घाबरून पळाला. आणि कुणीतरी इकडंतिकडं बघून हळूच म्हणालं, "प्रधानानंच राजाला संपवलं असेल." झालं! जो तो दुसऱ्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघायला लागला. शेजारी शेजाऱ्याला विस्तव देईना.

आता त्या गावात एक परटीण होती. तिचं नाव येसू. गढीवरचे सगळे कपडे तीच धुवायची, राजाचे आणि प्रधानाचेसुद्धा. तिचा एकुलता एक लेक म्हाळू, तो नदीवर पहाऱ्याला होता, भाला घेऊन. म्हणजे पाणी उतरलं की पहिला वार त्याच्यावर. तेव्हा राजा कुठंय, याची काळजी येसूला सगळ्या गावापेक्षा कांकणभर जास्तच.

येसूचा एक नियम होता. डाग कशाचा आहे ते कळल्याशिवाय घासायचा नाही. हळदीचा वेगळा, तेलाचा वेगळा. आधी बघायचं, मग वास घ्यायचा, मग रिठे भिजत घालायचे.

तर राजाच्या कपड्यांचं गाठोडं आलं. तिनं अंगरखा उचलला, बघितला, वास घेतला. आणि थबकलीच. राजाला भारी घाम यायचा, बरं का. वैशाखात तर अंगरखा पिळून काढावा लागे. आणि या अंगरख्याला घामाचा वाससुद्धा नाही! मुठीत धरून चुरगळलेला, वर थोडी माती चोळलेली. येसू मनात म्हणाली, "हे मळलेले कपडे नाहीत. हे मळवलेत." पण बोलली नाही कुणाला.

इकडं लोक काही ऐकेनात. गढीखाली जमले, ओरडायला लागले, "राजा दाखवा! राजा दाखवा!" मग दुसऱ्या दिवशी सकाळी सज्जात राजा आला! लांबून दिसला. तेच मुंडासं, तोच जरीचा अंगरखा. हात जोडले आणि लगेच आत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. येसूपण रडली आनंदानं.

पण मग तोच अंगरखा धुवायला आला. येसूनं बघितला, वास घेतला, आणि फटाफट दोन शिंका दिल्या. बाहीवर तपकीर! राजाला तपकिरीचं वावडं होतं. गढीत तपकीर ओढणारा माणूस एकच. कोण असेल? बरोब्बर. त्रिंबकपंत!

येसूच्या मनात आलं, प्रधान राजाचे कपडे घालून सज्जात उभा राहतो! मग राजाचं काय केलं त्यानं?

तिसरं गाठोडं आलं, त्यात प्रधानाचं धोतर. गुडघ्यापर्यंत ओलं, आणि त्याला हिरवंगार शेवाळ चिकटलेलं, पोपटाच्या पिसासारखं. असं शेवाळ साऱ्या पंचक्रोशीत एकाच जागी. नदीच्या वळणावर, साती आसरांच्या डोहात. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता, सात बहिणी. त्या डोहाकडे कुणी फिरकायचं नाही. मग प्रधान तिथं कशाला जातो? शत्रूला निरोप द्यायला? की...? तिला पुढचं मनात आणवेना.

त्याच संध्याकाळी म्हाळू भाकरी खायला घरी आला. म्हणाला, "आई, आमचं ठरलंय. उद्या सकाळी गढीत शिरायचं आणि प्रधानाला ओढून बाहेर काढायचं. तू रोज गढीचे कपडे बघतेस. तुला काही ठावं असेल तर सांग."

येसूच्या ओठांवर आलं होतं. तपकीर म्हणाली असती, शेवाळ म्हणाली असती, की प्रधानाचं डोकं उडालं असतं. तिनं म्हाळूच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाली, "माझा डाग अजून ओळखायचाय. उद्या सांगते."

मग पहाट झाली. तांबडं फुटायच्या आत येसू निघाली आणि डोहाजवळच्या करंजाच्या झाडामागं जाऊन बसली. थोड्या वेळानं काटक्या मोडल्या. त्रिंबकपंत! एकटेच. त्यांनी धोतर खोचलं, गुडघाभर पाण्यात शिरले, वाकले, आणि तोंड पाण्याजवळ नेऊन ओरडायला लागले, "महाराज, आता माझ्याच्यानं होत नाही! लोक मला चोर समजतात. मी तुमचे कपडे चुरगळतो, तुमचं सोंग घेतो, पण लोक काही खुळे नाहीत!"

आणि काय सांगू, पाण्यातून आवाज आला. लांबून, घागरीतून बोलल्यासारखा. "थोडे दिवस सोसा, पंत. मिरगाचा पाऊस आला की खरं पाणी येईल. मग मी सुटलो."

येसूच्या तोंडून निघूनच गेलं, "अगं बाई! महाराज!"

तशी नदी गप्प झाली. एवढी धो धो वाहणारी नदी, पण गप्प. मग डोहाच्या मधोमध एक डोकं वर आलं. मग दुसरं. मग सातही. हिरवे लांब केस पाण्यावर पसरलेले. थोरली आसरा म्हणाली, "तुमच्या राजानं आमच्याकडे पूर मागितला होता. आम्ही म्हटलं, तळाशी उभा राहा, डोक्यावर आमची घागर धर. घागर भरलेली तोवर नदी भरलेली. पण बोली एकच होती. एका माणसाला सांग, दुसऱ्याला कळता कामा नये. आता कळलं. बोली मोडली. सूर्य डोक्यावर येईतो पाणी उतरेल." आणि सातही जणी डुबुक करून गेल्या.

 येसूनं बघितलं, तर खडकावर चार बोटं ओली रेघ उघडी पडली होती. पाणी उतरायला लागलं होतं.

आणि मग पाण्यातून राजा वर आला. हो, आपलाच राजा. दाढी वाढलेली, कपड्यांच्या चिंध्या, सगळ्या अंगाला शेवाळ, आणि मुंडाशातून मासोळ्या टपटप पडतायत.

प्रधान येसूवर कडाडले, "बाई, काय केलंस हे! एकवीस दिवस मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, त्या का याच्यासाठी?"

येसू रडायलाच लागली. "पंत, मला वाटलं तुम्हीच घात केलात. चुकले मी."

राजा म्हणाला, "तिला बोलू नका. माणसांची तोंडं गप्प करता येतात, पंत. मनं कशी गप्प करणार? आता पुढचं बघा."

प्रधान म्हणाले, "मागच्या दारानं गढीत चला. जरीचे कपडे घाला, मग लोकांपुढं या."

तशी येसू डोळे पुसून उठली. "नका, महाराज. जरीचे कपडे घातलेला राजा लोकांनी एकदा बघितलाय. आता कुणी फसायचं नाही. आहात तसेच चला. कपडे बदलू नका." परटीण कुणाला म्हणाली असेल का कधी असं? पण ती म्हणाली.

मग तिघं घाटावर आले. समोरून प्रधानाला शोधत सगळं गाव येत होतं, काठ्या घेऊन, पुढं म्हाळू. प्रधान दिसताच आरडाओरडा झाला. मग राजा दिसला, आणि सगळे थांबले. पण संशय वाईट असतो, पोरांनो. एकजण म्हणालाच, "हा तरी खरा कशावरून? एखादं सोंग असेल."

येसूनं राजाचा हात धरला. धरू नये राजाचा हात, पण धरला. आणि उंच करून सगळ्यांना दाखवला. बोटं पांढरी पडलेली, सुरकुतलेली, अगदी मनुकांसारखी. शेजारी तिनं आपला तसाच सुरकुतलेला हात धरला. "माझा जन्म पाण्यात गेलाय," ती म्हणाली. "एकवीस दिवस पाण्यात काढल्याशिवाय अशी बोटं होत नाहीत. तुमचा राजा तुमच्यासाठी तळाशी उभा होता, आणि शिव्या खात होते ते पंत. मी पण मनात त्यांना खुनी ठरवलं होतं. चुकले."

म्हाळूनं काठी खाली टाकली. मग एकेकानं टाकल्या.

एवढ्यात पल्याड नगारा वाजला. पाणी घोट्याला आलं होतं! पल्याडचा राजा हत्तीवर बसून पुढं आला, शेजारी घोड्यावर त्याचा सेनापती. आपला राजा म्हणाला, "कुणी माझ्यामागं येऊ नका." आणि एकटा चालत चालत नदीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. येसूनं म्हाळूचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

पल्याडचा राजा दचकला. "तू तर मेलास असं ऐकलं होतं! इतके दिवस होतास कुठं?"

"इथंच," आपला राजा म्हणाला. "या नदीत. तुम्ही काठावर येऊन काय काय बोलत होता, ते ऐकत होतो." मग सेनापतीकडे बघून म्हणाला, "आणि तुम्ही तंबूत गेल्यावर तुमचे सेनापती काय बोलायचे, तेसुद्धा ऐकलं. सांगू का सगळ्यांसमोर?"

पल्याडच्या राजानं सेनापतीकडे बघितलं. सेनापती घोड्याच्या आयाळीकडे बघायला लागला. त्याचा चेहरा पिवळा पडला. मग सैन्यातला प्रत्येक सरदार शेजारच्या सरदाराकडे बघायला लागला. कोण कोण काय काय बोललं होतं, देवाला ठाऊक!

पल्याडच्या राजानं हत्ती वळवला. आपल्याच फौजेतला शत्रू पाठीशी घेऊन कोण लढणार? दुपार कलायच्या आत तंबू उतरले. संध्याकाळपर्यंत काठावर नुसत्या चुली आणि हत्तीची लीद.

मग घाटावर गूळ वाटला. येसूनं हळूच विचारलं, "महाराज, पाण्याखाली एवढं सगळं ऐकू येत होतं?"

राजा हसला. "छे गं! नुसती घरघर. पंत अगदी कानाशी ओरडायचे, तेव्हा कुठं चार शब्द कळायचे."

"मग सेनापतीचं?"

"ते मला काय ठाऊक! त्याच्या मनात काहीतरी होतं, मी नुसती हाक मारली. ते ओ देत बाहेर आलं."

मग गावानं साती आसरांची ओटी भरली, हिरवे खण वाहिले, सात नारळ सोडले. गावकऱ्यांनी पंतांच्या पाया पडून माफी मागितली, आणि ते पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मोठ्यानं हसले. म्हाळू घरी आला आणि तीन दिवस झोपला. शेजाऱ्यानं शेजाऱ्याकडे पुन्हा विस्तव मागितला, पुन्हा दिला. आणि राजानं एक कायदा केला. राजा असो की रंक, घरातून जाताना कुणाला तरी सांगून जायचं.

ते सगळे सुखानं राहिले, तसे आपणही राहू. चला, डोळे मिटा आता. मी इथंच बसलेय. कुठं गेले, तर सांगून जाईन हं.