दोनशे तीस

“गणित चुकलंय का, तेवढं सांगा चाचा. बाकीचं मी बघते.”

मुजावरचाचांनी मान वर केली नाही. माझ्या जळालेल्या ट्रान्सफॉर्मरची तार ते वेढ्यामागून वेढा उलगडत होते. मध्येच थांबून त्यांनी ती नाकाशी धरली.

मी जर्मनीत सहा वर्षं शिकून परत आले होते. मला वाटलं होतं, तालुक्यातला वायंडिंगवाला म्हणजे अंदाजाने तार गुंडाळणारा माणूस. मी त्याला सूत्र समजावीन आणि तो बघत राहील.

चाचांनी माझा कागद ओढून घेतला, कानामागची पेन्सिल काढली आणि कोपऱ्यात गुणाकार करून पाहिला. गाभ्याचं क्षेत्रफळ, चुंबकीय घनता, पन्नास सायकल, चार पॉइंट चव्वेचाळीस. एका वेढ्यामागे शून्य पॉइंट बासष्ट व्होल्ट. दोनशे तीसला त्या आकड्याने भागलं की तीनशे सत्तर वेढे.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

“मग जळला का?”

“बरोबर आहे, तरी दोनदा जळला...” त्यांनी डोळे चोळले. “मी पण तेच बघतोय.”

माळेवस्तीच्या आरोग्य उपकेंद्रात लसींचा फ्रीज होता. त्याच्या स्टॅबिलायझरसाठी मी हा ट्रान्सफॉर्मर स्वतः तार गुंडाळून भरला होता, एक पैसा न घेता. पहिला नऊ दिवस चालला, दुसरा सहा. आता तिथल्या मंदाकिनी सिस्टर लसी बर्फाच्या पेटीत ठेवून दिवस काढत होत्या. तिसरा वेळेवर बसला नाही किंवा तोही जळाला, तर फ्रीज उचलून तालुक्याला नेणार, असं वरून कळवलं होतं. मग वस्तीवरच्या बायांना तान्ही पोरं घेऊन बावीस किलोमीटर यावं लागणार होतं.

उद्या सकाळी तिसरा बसवते, असा शब्द मी देऊन बसले होते.

“चाचा, माझा मिक्सर द्या आणि मग शाळा भरवा,” बाकावरून सुलभाक्का म्हणाल्या. त्यांची इडलीची गाडी होती. “पीठ वाटायचं राहिलंय माझं.”

“बस की गं. तुझं पीठ कुठं पळून चाललंय?”

मी कागदावर बोट ठेवलं. “या गाभ्यावर तुम्ही किती वेढे घेता?”

“साडेचारशे.”

“ऐंशी जास्त! एवढं तांबं वाया? कशावरून घेता?”

“जळत नाही, त्यावरून.”

“हे काही गणित झालं नाही, चाचा.”

“नाही झालं,” ते म्हणाले. त्यांना वाद घालायचा नव्हता. वाद घालण्याएवढं त्राणही त्यांच्यात दिसत नव्हतं.

मी हरल्यासारखी बसले. दोन महिने मी धडपडत होते. लोकांसाठीच परत आले होते आणि लोकांचंच काम माझ्या हातून जळत होतं.

“ठीक आहे,” मी म्हणाले. “साडेचारशे घेते.”

“का?”

“तुम्ही घेता म्हणून.”

“मी माळेवस्तीला कधी गेलोय?”

चाचांनी कागद पुन्हा पुढे ओढला. अंगठा जिभेला लावला आणि एका आकड्यावर घासला. पेन्सिलचं लिखाण होतं, चटकन पुसलं गेलं. बाकी सगळं तसंच राहिलं. फक्त दोनशे तीसच्या जागी काळपट डाग.

“आता सोडव.”

“कसं सोडवणार? व्होल्टेजच नाही.”

“लिही मग.”

“दोनशे तीस.”

“मोजलंस?”

“त्यात मोजायचं काय? सिंगल फेज दोनशे तीसच असतो.”

बाकावर सुलभाक्का हसल्या. “कुठं असतो गं बाई? आमच्या गल्लीत तर संध्याकाळी पंखा चाललाय का थांबलाय, हात लावून बघावं लागतं.”

मला राग आला. “कमी व्होल्टेजने ट्रान्सफॉर्मर असा जळत नाही.”

“नाही जळत,” चाचा म्हणाले. “सिस्टर काय म्हणतात?”

“त्या काय म्हणणार? त्यांना यातलं...” मी थांबले. “म्हणत होत्या, बल्ब टिकत नाहीत तिथे.”

“कधी उडतात?”

“विचारलं नाही.”

“दुपारी? शेतातले पंप बंद झाले, की व्होल्टेज चढतं तेव्हा?”

“...विचारलं नाही, चाचा.”

मोकळ्या झालेल्या तारेची गुंडाळी करून चाचांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. तारेवरचा इनॅमलचा लेप करपून गेला होता. मग उठून त्यांनी सुलभाक्कांचा मिक्सर लावला, दोनदा फिरवून दाखवला आणि दुकानाची फळी लावायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर होते. एसटी साडेनऊची होती. नवा गाभा, नवी तार, सगळं पिशवीत तयार होतं. चाचांच्या मशीनवर तासाभरात वेढे भरून झाले असते आणि दिलेला शब्दही राहिला असता.

चाचा आले. त्यांनी कुलूप काढलं.

मी पिशवी त्यांच्या टेबलाखाली सरकवली.

“आज भरत नाही,” मी म्हणाले. “रिकाम्या हाताने जाते. सिस्टरना सांगते, की न मोजताच भरला होता. तुमचा मीटर द्या.”

त्यांनी खणातून मीटर काढला. काच तडकलेली होती, वायरींना चिकटपट्टी होती. फडक्याने पुसून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

“फ्रीज न्यायला गाडी आली तर?” मी विचारलं.

“तर येईल.”

“दर तासाला आकडा घेते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. किती दिवस घेऊ?”

चाचा खुर्चीवर टेकले. गुडघा चोळू लागले.

“आधी सिस्टरबरोबर बसून चहा घे,” ते म्हणाले. “मीटर मागनं लाव.”